चव्वेचाळीस नंबरचा मुलूख

आजचा भाग एका आकड्याबद्दल आहे. तो आकडा म्हणजे ४४.

तुमच्या मोबाइलला, घरातल्या राउटरला, बँकेच्या संगणकाला आयपी पत्ता असतो हे आपण मागे पाहिलं. चार आकडे, मध्ये टिंबं, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. आता पहिला आकडा ४४ असलेले सगळे पत्ते मोजा. ते भरतात १,६७,७७,२१६. १९८१ साली हे सगळेच्या सगळे पत्ते जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे ज्यांना आपण हॅम म्हणतो त्यांना, मिळाले. एक पैसाही न देता. आणि २०१९ साली त्यातला पाव हिस्सा ॲमेझॉनला विकला गेला, दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीला. मधल्या ३८ वर्षांत काय झालं, आणि विकणाऱ्यांना तो हक्क होता का, हे मला आज सांगायचंय. सुरुवात मात्र जरा मागून करावी लागेल, कारण बिनतारी जाळ्यात पत्ता आणि मार्ग यांचं गणितच वेगळं असतं. ते कळल्याशिवाय ४४ ची गोष्ट नुसती पैशाची गोष्ट होऊन बसते.

मी स्वतः मूळचा नाशिकचा, सध्या हैदराबादेत आहे, आणि बिनतारी लिंक उभारणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे मी या विषयाकडे थोडा आपुलकीने बघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

हवाई बेटांपासून सुरू करू. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन नावाचे प्राध्यापक होते. विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर, आणि तो वापरू पाहणारे लोक दुसऱ्या बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. म्हणून १९७१ मध्ये त्यांनी रेडिओवरून संगणक जोडले. त्या जाळ्याचं नाव अलोहानेट, वेग सेकंदाला ९६०० बिट. अब्रामसनांची युक्ती एका वाक्यात मावते: ज्याला बोलायचंय त्याने सरळ बोलून टाकावं. दोघं एकाच वेळी बोलले तर दोघांचंही बोलणं वाया जाईल, पोच येणार नाही, मग प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा बोलावं. ऐकायला हा गोंधळ वाटतो. गणित असं सांगतं की या पद्धतीत वाहिनीची जेमतेम १८ टक्के क्षमता कामी येते. पण संगणकाचं बोलणं तुटक तुटक असतं, सतत कोणी बोलत नसतं, त्यामुळे तेवढ्यातही भागतं. पुढे बॉब मेटकाफ यांनी हीच कल्पना सुधारून तारेवर आणली, आणि त्यातून इथरनेट जन्माला आलं. म्हणजे आज ऑफिसात टेबलाखाली लोंबणाऱ्या त्या केबलचं आजोळ रेडिओत आहे.

अलोहानेटमध्ये मार्ग शोधायचा प्रश्न फारसा नव्हता. सगळे एका मध्यवर्ती केंद्राशी बोलायचे. खरा पेच पडला तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, डार्पाने, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास फिरत्या गाडीत रेडिओ बसवले तेव्हा. टेकड्यांवर रिपीटर होते, आणि गाडी पुढे जाईल तसा तिला ऐकू येणारा रिपीटर बदलायचा. २२ नोव्हेंबर १९७७ ला या गाडीतून निघालेला मजकूर रेडिओच्या जाळ्यातून आर्पानेटच्या तारांवर, तिथून उपग्रहाच्या जाळ्यावर, युरोपात आणि परत असा फिरून आला. तीन जाळी, तिघांच्या तऱ्हा वेगळ्या. एकावर बिट हरवत नाहीत, दुसऱ्यावर उशीर होतो, तिसऱ्यावर निम्मं बोलणंच वाऱ्यावर जातं. या तिघांना एका पत्त्याच्या पद्धतीखाली आणायचं म्हणून टीसीपी आणि आयपी घडवले गेले. सगळी जाळी तारेची असती तर इतक्या सोशिक रचनेची गरज पडली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

आता हौशी मंडळी.

हॅम म्हणजे परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलेला हौशी. त्याला सरकार एक कॉलसाइन देतं. आपल्याकडे ती सहसा व्हीयू ने सुरू होते. त्याला ठरावीक फ्रिक्वेन्सी वापरता येतात, पण अटींवर: धंदा करायचा नाही, आणि गुप्त भाषेत बोलायचं नाही. आपले हौशी सेवेचे नियम १९७८ चे आहेत, आणि या दोन अटी त्यांतही आहेत. लक्षात ठेवा, पुढे लागतील.

१९७८ मध्ये कॅनडा सरकारने हौशींना पॅकेटच्या रूपात डेटा पाठवायला परवानगी दिली, आणि मॉन्ट्रियलच्या हॅमनी त्याच वर्षी प्रयोग केले. व्हँकुव्हरच्या मंडळींनी टीएनसी नावाचा डबा बनवला. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला रेडिओ, मध्ये हा डबा, असं ते प्रकरण. अमेरिकेने १९८० मध्ये परवानगी दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात हँक मॅग्नुस्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळ तिथला पहिला पॅकेट रिपीटर सुरू केला. या मॅग्नुस्कींनाच पुढच्या वर्षी सुचलं की आपल्यालाही आयपी पत्ते हवेत. त्या काळी पत्ते वाटणं म्हणजे जॉन पोस्टेल नावाच्या एका माणसाकडची वही. मागायचं, कारण पटलं तर मिळायचं. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९० या यादीत ४४ च्या पुढे हौशी रेडिओच्या प्रायोगिक जाळ्याचं नाव आहे, आणि संपर्कासाठी मॅग्नुस्कींची आद्याक्षरं.

एक कोटी सदुसष्ट लाख पत्ते एका हौशी प्रयोगाला! आज हे वेडेपणाचं वाटतं. पण तेव्हा मोठ्या जाळ्यांना पूर्ण पहिला आकडाच द्यायची रीत होती, आणि हॅम जगभर पसरलेले होते. इंटरनेटवर तेव्हा काही शे संगणक होते. जमीन ओसाड असताना ज्याने कुंपण घातलं त्याची ती, तसंच हे.

पत्ते मिळाले, पण वापरायचे कसे? इथे जरा रेंगाळतो, कारण खरी मजा इथे आहे.

हौशींचा वेग होता सेकंदाला १२०० बिट. २५६ बाइटचं एक पॅकेट पाठवायला साधारण पावणेदोन सेकंद. आयपी आणि टीसीपी मिळून निव्वळ मथळाच ४० बाइटचा, म्हणजे पाव सेकंदाहून जास्त वेळ फक्त पाकिटावरचा पत्ता वाचण्यात. त्यामुळे अनेक हॅमचं म्हणणं होतं की आयपी हे आपल्यासाठी ओझं आहे, आपल्याकडे कॉलसाइन आहेच की, तोच पत्ता. आणि खरंच, त्यांच्या एएक्स.२५ या पद्धतीत प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कॉलसाइन असायची. दूर जायचं असेल तर वाटेतल्या रिपीटरांची नावं तुम्ही हाताने लिहायची, जास्तीत जास्त आठ. म्हणजे मार्ग शोधायचं काम माणसाचं. एसटीने जाताना कंडक्टरला प्रत्येक फाट्याचं नाव आपणच सांगायचं, अशातला प्रकार.

यात एक खोट होती. रिपीटर नुसतं ऐकून पुन्हा बोलायचा, पोच फक्त शेवटचा माणूस द्यायचा. समजा मध्ये तीन रिपीटर आहेत, म्हणजे चार टप्पे, आणि प्रत्येक टप्पा पार व्हायची शक्यता ८० टक्के. चारही पार व्हायची शक्यता उरते ४१ टक्के. पोचही त्याच वाटेने परत यायला हवी, म्हणजे जाऊन येऊन १७ टक्क्यांच्या आसपास. एका ओळीसाठी सरासरी सहा वेळा ओरडायचं, आणि तेही सगळ्यांच्या सामाईक वाहिनीवर. १९८७ च्या सुमारास नेट/रॉम नावाची पद्धत आली. तिने पोच प्रत्येक टप्प्यावर आणली आणि मार्ग आपोआप शोधायची सोय केली. प्रत्येक नोड थोड्या थोड्या वेळाने सांगायचा की मला अमुक ठिकाणं माहीत आहेत आणि माझ्याकडून तिथे जायच्या वाटेची प्रत ० ते २५५ मध्ये इतकी आहे.

ही सोय कधी कधी फसायची, आणि कशी ते फार बोलकं आहे. व्हीएचएफ लहरी एरवी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. पण काही रात्री हवेत गरम आणि गार थर असे बसतात की लहरी त्यांच्यात अडकून शेकडो किलोमीटर जातात. अशा रात्री एखाद्या नोडला दूरच्या राज्यातला नोड खणखणीत ऐकू यायचा, आणि तो लगेच सगळ्यांना कळवायचा की माझ्याकडे जवळची वाट आहे. सकाळी ऊन वर आलं की ती वाट गायब, पण तक्त्यात नोंद तशीच. तिची मुदत संपेपर्यंत सगळे आपले त्या नसलेल्या पुलावरून गाड्या पाठवत राहायचे. तारेच्या जाळ्यात दोन राउटर एकमेकांना ऐकत असतील तर त्यांच्यात लिंक आहे असं धरता येतं. रेडिओत ‘आत्ता ऐकू आलं’ आणि ‘लिंक आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या कामातही हे रोजचं आहे. एका लिंकच्या मध्ये आंब्याचं झाड होतं. उन्हाळ्यात काही अडचण नाही, पावसाळ्यात पानं भिजली की सिग्नल निम्म्यावर, आणि राउटर बिचारे दर पाच मिनिटांनी वाट बदलत बसायचे. शेवटी खांब सहा फूट वाढवला.

तर या सगळ्यात फिल कार्न नावाचा एक तरुण अभियंता उभा राहिला. कॉलसाइन केए९क्यू. त्याचं म्हणणं, आयपीच वापरायचा, कारण उद्या आपलं जाळं बाकीच्या जगाशी जोडायचं तर भाषा एक हवी. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्याने साध्या घरगुती संगणकावर चालेल असा टीसीपी-आयपीचा प्रोग्राम लिहिला आणि तो सगळ्यांना वाटला. त्या वेळी आयपी म्हणजे विद्यापीठांतल्या मोठ्या यंत्रांची मक्तेदारी होती. कार्नचा प्रोग्राम इतका आटोपशीर होता की १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या डेमन इंटरनेट या कंपनीने आपल्या टेलिफोनवरच्या ग्राहकांना तोच दिला. घरबसल्या इंटरनेट वापरणाऱ्या पहिल्या पिढीतल्या अनेकांनी, रेडिओला कधी हात न लावता, एका हॅमचं सॉफ्टवेअर वापरलं.

पण कार्नचं त्याहून मोठं काम रेडिओवरच्या एका वैतागातून निघालं. टीसीपी पॅकेट पाठवून पोचेची वाट बघतो, ठरावीक वेळात आली नाही तर पुन्हा पाठवतो. हा ठरावीक वेळ तो आधीच्या पोचा यायला किती वेळ लागला त्यावरून ठरवतो. आता समजा पॅकेट पाठवलं, पोच आली नाही, पुन्हा पाठवलं, आणि मग पोच आली. ही पोच पहिल्याची की दुसऱ्याची? दुसऱ्याची धरली आणि ती खरं तर पहिल्याची उशिरा आलेली असेल, तर तुम्हाला वाटेल वाट फार छोटी आहे. मग तुम्ही आणखी घाई कराल, आणखी पॅकेट कोंबाल, आणि आधीच तुंबलेली वाहिनी पुरती बसेल. तारेवर हे क्वचित व्हायचं, १२०० बिटच्या रेडिओवर तासातासाला. कार्नने साधा नियम केला: जे पॅकेट दोनदा पाठवलं त्याच्या पोचेवरून काहीच मोजायचं नाही, आणि नवं स्वच्छ माप मिळेपर्यंत वाढवलेली वाट तशीच ठेवायची. क्रेग पार्ट्रिज यांच्याबरोबर त्याने हे १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. तुम्ही हा मजकूर ज्या यंत्रावर वाचताय त्याच्यातही तो नियम आहे.

१९९० मध्ये त्याने आणखी एक गाठ सोडवली. डोंगराच्या अलीकडे एक स्टेशन, पलीकडे दुसरं, माथ्यावर तिसरं. माथ्यावरच्याला दोघं ऐकू येतात, पण खालच्या दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही. वाहिनी मोकळी समजून दोघंही बोलतात आणि माथ्यावर कल्लोळ होतो. कार्न म्हणाला, आधी छोटीशी विनंती पाठवा, ‘बोलू का?’, आणि माथ्यावरच्याने ‘बोल’ म्हटलं की ते ऐकणाऱ्या बाकीच्यांनी गप्प बसावं. वायफायच्या १९९७ च्या मानकात हीच विनंती आणि परवानगी आहे.

आता पत्त्यांच्या वाटपाकडे येऊ. हॅम मंडळींनी ठरवलं की पत्ते प्रदेशावर द्यायचे. ४४.१३१ ब्रिटनला, ४४.१३० जर्मनीला, ४४.१२९ जपानला, ४४.१३२ इंडोनेशियाला, ४४.१३५ कॅनडाला. अमेरिकेत राज्यांना आणि शहरांना. प्रत्येक प्रदेशात एक स्वयंसेवक, तो कॉलसाइन तपासून पत्ता देणार. कारण साधं आहे: पोस्टाच्या पिनकोडसारखं पहिल्या आकड्यांवरून दिशा कळली तर राउटरला जगातला प्रत्येक हॅम पाठ करावा लागत नाही.

पण रेडिओ पिनकोड मानत नाही. आयपीत एक गृहीतक दडलेलं आहे: एका सबनेटमधले सगळे एकमेकांशी थेट बोलू शकतात. इथरनेटवर ते खरं आहे. रेडिओवर एकाच शहरातल्या, एकाच सबनेटमधल्या, एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन घरांना मधल्या टेकाडामुळे एकमेकांचा आवाजही येत नाही. उलट शेजारच्या राज्यातला, वेगळ्या सबनेटमधला माणूस खिडकीतून हाक मारल्यासारखा ऐकू येतो. मग केए९क्यू वापरणारे काय करायचे? एकेका माणसाचा मार्ग वेगळा लिहायचे. हा पत्ता अमक्या माथ्यावरून, तो पत्ता थेट. आणि कुठला आयपी पत्ता कुठल्या कॉलसाइनचा, हेही बऱ्याचदा हातानेच. यंत्रांनी एकमेकांना विचारून हे शोधायच्या पद्धतीत हौशी रेडिओला अधिकृत क्रमांक आहे. १ इथरनेट, २ प्रायोगिक इथरनेट, आणि ३ आपले हॅम. पण १२०० बिटवर असल्या चौकशांनीच वाहिनी भरायची, म्हणून लोक तक्ते लिहून ठेवायचे. अशा तक्त्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला क्लबात फार मान असायचा, आणि चहाही.

हे विखुरलेले प्रदेश जोडले ते ब्रायन कँटर यांनी. ते सॅन दिएगोच्या विद्यापीठात होते. विद्यापीठाने जगाला जाहीर केलं की ४४ ने सुरू होणारं सगळं आमच्याकडे पाठवा. तिथला एक गेटवे ते पॅकेट दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून, इंटरनेटवरून बोगदा काढावा तसं, त्या त्या गावच्या हौशीच्या गेटवेकडे पाठवायचा, आणि तो ते उघडून रेडिओवर सोडायचा. हौशींच्या गेटवेंकडे बोगद्यांचा पूर्ण तक्ता असल्यामुळे ते आपसात थेट बोलत. पण बाहेरच्या जगातून लंडनच्या हॅमला लंडनमधूनच काही पाठवलं तरी ते आधी कॅलिफोर्नियाला जाऊन यायचं. द्राविडी प्राणायाम खरा, पण चालला वर्षानुवर्षं.

मघाच्या त्या दोन अटी आता आठवा. बाहेरच्या कुणाचंही पॅकेट हौशीच्या रेडिओवरून प्रसारित झालं तर जबाबदार कोण? परवानाधारक. म्हणून ४४ हा आकडा नुसता पत्ता नव्हता, ती ओळखही होती. पाठवणारा ४४ चा असेल तर तो परवानावाला असणार, या भरवशावर गेटवेचे नियम लिहिलेले असायचे.

आणि या मुलखाच्या ओसाडपणाचाही उपयोग झाला. ४४ मधले बहुतेक पत्ते रिकामे. रिकाम्या पत्त्याला कुणी काही पाठवत असेल तर काहीतरी काळंबेरं आहे. सॅन दिएगोच्याच संशोधकांनी इथे कान लावून ठेवला. हा मुलूख म्हणजे सगळ्या पत्त्यांचा २५६ वा हिस्सा, त्यामुळे जगात कुठेही किडा पसरला की त्याची टकटक इथे ऐकू यायची. १९ जुलै २००१ ला कोड रेड नावाच्या किड्याने १४ तासांच्या आत ३,५९,००० यंत्रं पकडली. तो आकडा काढण्यात या कानाचा मोठा वाटा होता.

दरम्यान बाहेर पत्त्यांचा दुष्काळ पडला. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा संपला, एप्रिलमध्ये आपल्या आशिया विभागाचाही आटत आला. पत्त्यांना बाजारभाव आला. त्याच वर्षी हॅम मंडळींच्या वतीने कॅलिफोर्नियात एआरडीसी नावाची ना-नफा संस्था नोंदवली गेली, आणि ४४ तिच्या नावावर आलं. मंडळावर मोजकी माणसं, त्यांत कँटर आणि कार्न. जुलै २०१९ मध्ये या संस्थेने जाहीर केलं की ४४.१९२ पासून पुढचे ४१,९४,३०४ पत्ते विकले आहेत. हिशोब केला तर पत्त्यामागे पंचवीसेक डॉलर. उरले सव्वा कोटीच्या वर.

जगभरच्या हॅमना हे बातमी म्हणून कळलं. जर्मनीतल्या हौशींच्या वेगवान जाळ्याचे पत्ते त्या तुकड्यात होते, त्यांना सगळी मांडामांड नव्याने करावी लागली. रागाचं मूळ गैरसोयीत नव्हतं. १९८१ ला पत्ते कुणाला मिळाले? मॅग्नुस्कींना? संस्था तर तेव्हा जन्मलीच नव्हती. की परवाना असलेल्या प्रत्येकाला, म्हणजे पुण्याच्या, जाकार्ताच्या, ओसाकाच्या हॅमलाही? गायरान गावाचं असतं, आणि सातबाऱ्यावर सरपंचाचं नाव लागलं म्हणून सरपंच ते विकू शकत नाही, असं आपण म्हणू. विकणाऱ्यांची बाजूही कमजोर नाही. ते पत्ते जवळजवळ कुणी वापरत नव्हतं, भाव कायम राहील याची खात्री नव्हती, आणि पैसा कुणाच्या खिशात गेला नाही. त्यातून शिष्यवृत्त्या, मुक्त सॉफ्टवेअर, शाळांतले आणि विद्यापीठांतले रेडिओ क्लब यांना अनुदानं मिळू लागली, आजही मिळतात. माझं मत विचाराल तर विक्री ठीक होती, गुपचूप करणं ठीक नव्हतं. इतक्या मोठ्या सौद्यात आधी बोभाटा करता येत नाही हे मलाही कळतं. पण ज्या मंडळींनी पन्नास वर्षं उघड्या वाहिनीवर, गुप्त भाषा न वापरता बोलायची शपथ पाळली, त्यांच्याच वतीने झालेला सर्वांत मोठा व्यवहार बंद खोलीत व्हावा, हे बोचतं. कँटर त्याच वर्षी नोव्हेंबरात वारले, विक्रीनंतर चार महिन्यांनी.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे बिनतारी आयपी जाळी उभी राहिली ती हौशी परवान्यावर नव्हे, वायफायच्या स्वस्त पेट्यांवर. २००० नंतर आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगेच्या मैदानात उंच मनोऱ्यांवर अँटेना चढवून गावं जोडली. सर्वांत लांब लिंक ३९ किलोमीटरच्या आसपास. वायफाय हे घरातल्या अंतरासाठी बनलेलं. इतक्या लांब लहर जायलाच १३० मायक्रोसेकंद लागतात, आणि तोवर पाठवणारा पोच हरवली समजून पुन्हा पाठवायला लागतो. अलोहाचंच दुखणं, नव्या वेशात. रामन यांनी उपाय काढला की एका मनोऱ्यावरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम बोलायचं, मग एकदम ऐकायचं. त्यानंतर तमिळनाडूत थेनीला अरविंद नेत्रालयाने दूरच्या गावांतली तपासणी केंद्रं अशाच लांब वायफायने रुग्णालयाला जोडली. डॉक्टर पडद्यावरून डोळे तपासू लागले. धरमशाळेत तिबेटी वस्तीभोवती एअरजाल्दीचं जाळं उभं राहिलं. थेनी आणि धरमशाळा या दोन्ही ठिकाणच्या अनुभवावर २००८ मध्ये एक शोधनिबंध आला. त्याचा निष्कर्ष असा की जाळं पाडणारी मोठी गोष्ट रेडिओ नव्हे, खराब वीज: कमीजास्त दाब, झटके, जळलेले अडॅप्टर. ज्याने खेड्यात एकदा तरी राउटर बसवलाय तो यावर नुसती मान हलवेल. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईने टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्या वापरून खामलोलीच्या आसपासची सात गावं जोडली, तो प्रयोग याच्या पुढचा. टीव्हीच्या लहरी झाडीतून जातात, त्यामुळे माझ्या त्या आंब्याचं काही चालत नाही.

आपल्या खेड्यांतल्या असल्या जाळ्यांना सार्वजनिक पत्ते सहसा मिळतच नाहीत. आत १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते, आणि वेशीवर एकच खरा पत्ता, सगळ्यांचा मिळून. आतला माणूस बाहेरचं बघू शकतो, पण बाहेरून त्याला कुणी हाक मारू शकत नाही. आपण उशिरा पोचलो, तोवर वही भरली होती.

४४ मात्र अजून उघडं आहे. सिएटलच्या भोवती हौशींचं एक जाळं डोंगरमाथ्यांवरून पाच-सहा गिगाहर्ट्झवर चालतं. त्याचे पत्ते ४४.२४ चे आहेत, आणि आता ते सॅन दिएगोला वळसा न घालता आपला मार्ग स्वतः जगाला सांगतात. भारतातल्या परवानाधारक हॅमलाही पत्ते मागता येतात. एआरडीसीच्या पोर्टलवर खातं उघडायचं, कॉलसाइनचा पुरावा द्यायचा, कशासाठी हवेत ते लिहायचं. फी नाही. तुमच्यापैकी कुणी अर्ज केला असेल तर तुमची मांडणी कशी आहे ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण समुद्राखालच्या केबलकडे वळू.